चवीला नंबर नाही

डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर आणि डब्ल्यू-१८० म्हणजे १७० ते १८०, हे कारखान्यावर कालपरवा लागलेल्या पोरालाही पाठ असते. पौंड आपल्या बाजारातून केव्हाच गेला, पण काजूत तो अजून ठाण मांडून आहे. कारण ही प्रतवारी ज्या गिऱ्हाइकासाठी बसवली गेली, ते गिऱ्हाईक अमेरिकेत आणि विलायतेत होते. निर्यातीचा पत्र्याचा डबासुद्धा त्याच मापाचा, २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोचा. गर केवढा, रंग किती पांढरा, नग अख्खा की पाकळी की तुकडा, एवढे पाहिले की सौदा होतो. चवीचा रकानाच त्या तक्त्यात नाही. हजारो मैलांवरून, माल न चाखता भाव ठरवणाऱ्याला तो तक्ता सोयीचाच होता.

आपणही त्याच तक्त्याला धरून यंत्रे आणली. भट्टी गेली, बॉयलर आला. हाताने फोडणे गेले, पायाने चालवायचे कटर आले, आता आपोआप फोडणारी यंत्रे आली. व्हिएतनामने यंत्रांच्याच जोरावर २००६च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकले, आणि तेव्हापासून आपल्या कुठल्याही परिसंवादात व्हिएतनामचे नाव निघाल्याशिवाय चहा येत नाही. मोठ्या कारखान्यांत रंगावरून निवड करणारे सॉर्टर बसले. कॅमेरा डाग टिपतो, हवेचा फटका बसतो, डागी गर बाजूला पडतो. काम चोख. अडचण एवढीच, की दोडामार्ग तालुक्यातल्या लहान कारखानदाराला आज फोनवरून ज्या मालाची मागणी येते, त्यातला बराचसा माल हा कॅमेरा बाजूलाच फेकेल.

मागणी असते ती अशी: “भाऊ, गावठीच द्या हां. पांढरे नकोत. सालीसकट, खारवलेले.” सालीला चिकटलेला मिठाचा थर, कुठेकुठे जास्त भाजून काळवंडलेली बाजू, नग लहानमोठे. तक्त्याप्रमाणे हा दुय्यम माल. पण गिऱ्हाईक त्याला पांढऱ्या अख्ख्या गरापेक्षा वरचे पैसे मोजते, आणि सोलायची मजुरी वाचते ती वेगळीच. जी साल काढण्यासाठी आपण ड्रायर आणि सोलणाऱ्या बायका यांच्यावर इतका खर्च केला, तीच साल आता विकली जाते आहे.

हे गिऱ्हाईक आले कुठून? पहिला अर्थातच चाकरमानी. मे महिन्यात आणि गणपतीत गावी आलेला माणूस परतताना पिशवीत काजू घालून नेई. मधल्या दिवसांत कोणी मुंबईला निघाला की त्याच्या हाती डबा दिला जाई, नाहीतर लक्झरीच्या ड्रायव्हरकडे पार्सल. यात बाजार असा नव्हताच, नाती होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, १९९९ मध्ये सावंतवाडीतून दोडामार्ग हा वेगळा तालुका झाला, तरी काजू जायचा तो असाच. धंद्याचा नूर पालटला २०१६ नंतर. स्वस्त डेटा आणि यूपीआय एकाच वर्षी आले. मग २०२०ची टाळेबंदी आली, वाशीच्या बाजाराचा भरवसा उरला नाही, आणि हापूसच्या पेट्या टेम्पोतून थेट सोसायट्यांच्या गेटवर गेल्या. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप हाच घाऊक व्यापारी झाला. आंब्याच्या पेटीसोबत काजूचे पाकीटही चढले. आंब्याचा हंगाम जूनमध्ये आटोपला, काजूचे गिऱ्हाईक मात्र वर्षभर मागे लागले.

यातले तंत्रज्ञान फारसे नवे नाही, आणि तेच लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे कोणी मोठे संकेतस्थळ उभारले नाही. स्टेटसला फोटो टाकला, तीन जणांनी विचारले, गूगल पेवर पैसे आले, पार्सल रात्रीच्या लक्झरीत चढले. तालुक्यातल्या कित्येक वाड्यांवर अजून रेंजसाठी घाटी चढावी लागते, तरी व्यवहार अडत नाही. कारण तो ज्या भरवशावर चालतो तो जुनाच आहे. माल कोणाच्या घरचा, कुठल्या वाडीवरचा, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक असते. निदान आतापर्यंत तरी ठाऊक होते.

दुसरे गिऱ्हाईक गोव्यातून येणारे. दोडामार्गाचे अर्धे जगणे तसेही हद्दीपलीकडेच आहे. पोरे सकाळी मोटारसायकलला किक मारून डिचोलीच्या, वेर्ण्याच्या कारखान्यांत कामाला जातात, आजारी माणसाला बांबोळीच्या इस्पितळात नेतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, आणि पर्यटक आपल्या दाराशी येऊन ठेपला. त्याला घरी न्यायला काजू हवा असतो. गोव्याच्या दुकानांत काजूचे ढीग असतात, पण त्यातला किती गोव्याच्या मातीतला, हा वाद इतका वाढला, की तिथल्या उत्पादकांनी भौगोलिक मानांकनाचा अर्ज केला आणि २०२३ मध्ये ते मिळवले. आता गंमत पाहा. डोंगर एकच, पाऊस एकच, झाडेही तीच. पण आपल्या विर्डीच्या उतारावरचा काजू गोव्याचे नाव लावू शकत नाही, आणि स्वतःचे नाव लावायची सवय आपण कधी करून घेतली नाही. वेंगुर्ले काजूला मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. आपल्यापैकी कितीजणांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली, हे ज्याने त्याने आपल्या फायलीत पाहावे.

तिसरे गिऱ्हाईक सगळ्यांत नवे, आणि त्याचे कोकणात कोणीच नाही. पुण्यात, बेंगळुरूत बसून ते कोकणाचे व्हिडिओ पाहते. ‘कोकणी रानमाणूस’सारख्या वाहिन्यांनी इथली देवराई, इथले जेवण, इथला पाऊस घराघरात नेला, हे आपल्या धंद्यावर उपकारच आहेत. पण त्याच्या मागोमाग जी रीलची लाट आली, तिच्याबद्दल एक कडू गोष्ट बोलायला हवी. रीलमध्ये दिसते ती उघड्यावरची भट्टी: छिद्रे पाडलेल्या पत्र्यावर बिया, टरफलातल्या तेलाने घेतलेला पेट, काळा धूर, मग राखेत टाकून फोडलेली बी. त्या बीची चव काही औरच, यात शंका नाही. पण तो धूर डोळ्यांना आणि छातीला भोवतो, आणि त्या पद्धतीने दिवसाकाठी पोतेभरही माल निघत नाही. पाकिटात जातो तो बॉयलरात वाफवलेला माल. रीलमध्ये धूर आणि पाकिटात वाफ, ही चलाखी आज खपते आहे. वाफवलेला काजू वाईट असतो असे मुळीच नाही. तो वाफवलेला आहे असे सांगून विकायला काय हरकत आहे?

हत्तीचेही तसेच. पाकिटावर तिलारीचे जंगल आणि हत्ती छापायचा मोह आता अनेकांना होतो. २००२ पासून ज्याच्या बागेतली केळी आणि माड हत्ती मोडतात, त्या शेतकऱ्याला एकदा विचारून छापा म्हणजे झाले.

ओल्या काजूगरावर मात्र जरा थांबायला हवे, कारण संस्कृती आणि तंत्र यांचा खरा झगडा तिथे दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी अजून हिरवी असते, टरफल कवळे. बाई उंबऱ्यात पाटावर बसते, हाताला खोबरेल चोपडते, बीच्या शिवणीवर सुरी घालते, दोन भाग उघडते आणि टोकदार काडीने गर उचलून पाण्यात टाकते. चीक लागला तर कातडी जाते. हंगामाअखेर बोटांची सालपटे निघालेली असतात. गरम पाण्यात पडल्यावर साल सुटते आणि हस्तिदंती रंगाचा गर हाती येतो. विक्री वजनावर नाही, शेकड्यावर. उसळीसाठी त्याला दुसरा पर्याय नाही, आणि उन्हाळ्यात ती उसळ ताटात आली नाही तर अख्खे घर हळहळते.

या कामाला यंत्र नाही. कटर पक्व, वाफवलेल्या बीसाठी आहे. पण विकायला मात्र यंत्र आले: व्हॅक्यूमचे पाकीट आणि डीप फ्रीझर. त्यामुळे जो माल दोन दिवसांत आंबायचा तो आता दिवाळीतही मिळतो, मुंबईत, आणि चांगल्या दराने. म्हणजे सगळ्यांत जास्त मागणी त्या मालाला, ज्यात यंत्राचा हात सगळ्यांत कमी. बागायतदाराच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. हिरवी बी विकली की पैसा लवकर हाती येतो आणि मे महिन्यातला पडता भाव टळतो. आपल्या कारखान्याच्या दृष्टीने तेवढी बी कमी झाली. याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी पडत्या भावाकडे पाहावे. गोवा सरकारने २०२३ मध्ये काजूचा आधारभाव किलोला १५० रुपये केला. इथे बागायतदार २०० मागत राहिले, आणि २०२४ मध्ये राज्याने किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले. अशा वेळी तो बी हिरवी असतानाच मोकळा झाला, तर दोष कोणाला द्यायचा? मात्र ज्या बाईच्या बोटांवर हा सगळा दर उभा आहे, तिची मजुरी त्या दराच्या मानाने वाढली का, हे आपण प्रामाणिकपणे पाहिलेले नाही. तिची मुलगी डिचोलीच्या कारखान्यात जाते, चिकात हात घालत नाही. दहा वर्षांनी ओला गर कोण काढणार, याचे उत्तर फ्रीझरमध्ये नाही.

बोंडाचे तर बोलूच नये. हद्दीपलीकडे त्याची हुर्राक होते, लिंबूसोड्यात हिरवी मिरची उभी चिरून पर्यटकाला दिली जाते. पुढे फेणी होते, तिला २००९ पासून मानांकन आहे. हद्दीच्या अलीकडे, आपल्याकडे, तेच बोंड झाडाखाली कुजते, नाहीतर गुरे खातात.

आता मुख्य मुद्दा. देशातल्या कारखान्यांना लागणारी निम्म्याहून अधिक बी आफ्रिकेतून येते. २०१८च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचे आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. आयात बी नसती तर आपले बरेच कारखाने पावसाळ्यानंतर बंद राहिले असते, म्हणून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण आपल्या गोदामात घडते काय? गावची बी आणि बंदरावरून आलेली बी एकाच थप्पीत जाते, एकाच बॉयलरात शिजते, आणि शेवटी प्रतवारीच्या टेबलावर नंबराप्रमाणे वेगळी होते. तक्त्याला गाव विचारायचे नसते, म्हणून ते कोणी लिहीत नाही. इतकी वर्षे यात काही बिघडले नाही. आता गिऱ्हाईक नंबर विचारत नाही, गाव विचारते, आणि आपल्याजवळ नेमका तोच तपशील नाही. झोळंब्याचा काजू म्हणून कुरिअर केलेल्या पाकिटात झोळंब्याचा किती, हे विकणाऱ्यालाच माहीत नसते. एखादा चाणाक्ष चाकरमानी पहिल्या घासाला ओळखतो, ग्रुपवर दोन ओळी लिहितो, आणि नात्यांवर उभा राहिलेला सगळा धंदा त्या दोन ओळींनी बसतो.

यावर क्यूआर कोड हा उपाय सुचवणारे बरेच भेटतात. कोड छापायला पैसे पडत नाहीत. कोडच्या मागे लिहायचे काय, हा प्रश्न गोदामात सुटतो. बारदानाला रंगीत सुतळी बांधा: लाल म्हणजे गावची, निळी म्हणजे आयात. खरेदीच्या वहीत वजन आणि दराशेजारी वाडीचे नाव लिहा. पाकिटावर बॅच क्रमांक कायद्याने छापावाच लागतो. आज तो बहुतेक ठिकाणी नुसती तारीख असते. त्याच आकड्यांत वाडी आणि खरेदीचा पंधरवडा बसवता येतो. मोठ्या स्वयंचलित कारखान्याला पाच पोत्यांसाठी लाइन थांबवणे परवडत नाही. एका वेळी पोते-दोन पोती शिजवणारा ज्याचा बॉयलर आहे, त्याला ते सहज जमते. ज्या लहानपणाची आपल्याला इतकी वर्षे लाज वाटत आली, त्याचा उपयोग होईल असे हे एक काम आहे.

वेंगुर्ले-४, वेंगुर्ले-७ या जाती ज्या केंद्राने दिल्या, ते १९५७ मध्ये सुरू झालेले वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि राज्याचे काजू मंडळ यांच्याकडेही एक मागणे आहे. वेंगुर्ले-७ची बी १० ग्रॅमची, गर डब्ल्यू-१८०चा. मोठ्या गरासाठी जेवढे संशोधन झाले, त्याच्या निम्मे तरी चवीसाठी व्हावे. जुन्या गावठी झाडांची बी बारीक, तक्त्यात ती मागे पडते, म्हणून कलमांच्या आणि आता रबराच्या लागवडीत ती झाडे तोडली जात आहेत. त्यातली गोड कुठली, तुरट कुठली, याची नोंद झाडे उभी आहेत तोवरच करता येईल.

फेब्रुवारीत खरेदी सुरू होईल. वाचकांनी पहिल्या पंधरवड्यातली तीन वाड्यांची बी वेगळी ठेवावी, प्रत्येकीतला पाव किलो गर सालीसकट सारखाच भाजावा, आणि पाकिटांवर नुसते क्रमांक घालून घरच्या आणि कारखान्यावरच्या चार जणांना चाखायला द्यावा. कोणाला कुठला आवडला ते, वाडी, झाडांचे साधारण वय आणि जात यांच्यासह लिहून पाठवावे. मे महिन्याच्या अंकात आम्ही ते सगळे तक्ता करून छापू.