दुबळे कोण?

'कौम कमजोर झाली आहे, तिला ताकद हवी.' हे वाक्य जलशांत ऐकू येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि त्यासोबत हटकून इक्बालांचे नाव येते.

१९१५ साली आलेल्या 'असरार-ए-खुदी' या फारसी काव्यात इक्बालांनी एक गोष्ट सांगितली आहे. वाघांपुढे हतबल झालेल्या मेंढरांपैकी एक चतुर म्हातारे मेंढरू धर्मोपदेशकाचा आव आणते आणि वाघांना मांस सोडायला लावते. वाघ गवत खाऊ लागतात, त्यांचे दात बोथट होतात आणि आपल्या ऱ्हासालाच ते संस्कृती समजू लागतात. दुबळ्यांची नीती बलवानांना पोखरते, हा नित्शेचा विचार इथे ओळखू येतो.

मात्र इक्बाल तिथे थांबत नाहीत. त्याच काव्यात ते खुदीच्या तीन पायऱ्या सांगतात : आज्ञापालन, स्वतःवर ताबा आणि मग ईश्वराचे प्रतिनिधित्व. आपण वाघ तेवढा लक्षात ठेवला, पहिल्या दोन पायऱ्या विसरलो.

माझा आक्षेप त्या गोष्टीवरही आहे. तिच्यात दुबळ्याचा आवाज म्हणजे कावाच. आपल्या घरांतही हाच संशय घेतला जातो. तलाकबद्दल विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळत नाही. 'ही वेळ नाही, कौमला कमजोर करू नका,' एवढेच ऐकवले जाते. बाहेर द्वेष वाढत असताना एकजूट हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या एकजुटीची किंमत दरवेळी बाईनेच का मोजायची?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. त्यांच्यामागे ना जमात होती, ना सत्ता. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे ५१ वर्षांनी. तोही तीन विरुद्ध दोन अशा निकालाने.

या काळात दुबळे कोण होते? रस्त्यावर उतरलेल्या त्या सातजणी, की अन्याय कळत असूनही गप्प बसलेले आपण? सार्त्र म्हणतो, निवड टाळता येत नाही. न निवडणे हीसुद्धा निवडच असते. मग आपल्या गप्प बसण्याची जबाबदारीही आपलीच ठरते.

प्रश्न विचारल्याने कौम दुबळी होत नाही. विचारणाऱ्याला गप्प केले की ऱ्हास सुरू होतो, मग दात कितीही तीक्ष्ण असोत.