आधी उंची उतरवा
एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली आली तेव्हा तिला क्रोमची जाळी आणि बारीक, चकचकीत बंपर होते. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी जाड काळे रबरी बंपर आले, गाडीची उंचीही वाढली, आणि तो देखणा चेहरा पार बुजला. त्या गाड्यांचे कित्येक मालक पुन्हा क्रोम बसवतात. मला ते मनापासून पटते. पण नुसते बंपर बदलून भागत नाही. पुढचे इंडिकेटर रबरातच बसवलेले, ते मडगार्डात न्यायचे तर पत्र्याचे काम निघते. आणि सस्पेन्शन खाली घेतले नाही, तर गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. तेव्हा रुंद चाके, मागचा पंख यांच्या नादी लागू नका. आधी उंची उतरवा, मगच क्रोमवर खर्च करा.