बाटली द्राक्षाची बघा, हिशेब मोहाचा आणि ज्वारीचा मागा



शहापूर-मुरबाडकडे बैठकीला विदर्भ, मराठवाडा, खानदेशातले कापूस-ज्वारीवाले आले की ठराव होतात, घोषणा होतात आणि रात्रीची गाडी धरून सगळे घरी परततात. यापुढे एक दिवस जास्तीचा काढा. परतीच्या वाटेवरच कसारा घाट चढला की नाशिक जिल्ह्यातले वाइनचे मळे लागतात. मित्रमंडळी मिळून जा, मळे बघा, कारखाना बघा, वाइन चाखूनही बघा.

एवढे म्हटले की दोन आवाज उठतील. शहरातला शहाणा म्हणेल, कर्जात बुडालेल्यांना हे चोचले कशाला? गावातला पुढारी म्हणेल, चळवळ आता दारू प्यायला शिकवणार काय?

शहाण्याला एकच विचारा. मुंबईचा पगारदार शनिवारी मोटार काढून या मळ्यांत फिरतो, तेव्हा त्याला कोणी चोचले म्हणत नाही. मग ज्याच्या जातभाईने ते द्राक्ष पिकवले, त्याने आपला माल बांध ओलांडल्यावर कुठे जातो हे बघायचे नाही?

पुढाऱ्याला उत्तर गंभीरपणे दिले पाहिजे. दारूने घरे बसली आहेत. गावोगाव आडवी बाटली करून दुकाने बंद पाडणाऱ्या मायबहिणींची लढाई आमचीच आहे. कोणी प्यावे असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या शेतमालाला बाटलीत जाण्याचा परवाना मिळतो आणि कोणत्या मालावर पोलीस धाड घालतात, हे कोण ठरवते, एवढाच आमचा प्रश्न आहे. तो नीतीचा नाही, सरकारी धोरणाचा आहे.

आता खर्चाचे बघू. आठ-दहा जणांचा गट करा आणि वर्गणी आधी गोळा करा. उसनवारी करून कोणी येऊ नये. शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी गर्दी आणि दरही शहरी. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ, तेव्हा गेलात तर कारखाना चालू दिसेल. मुरबाडकरांनी सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूर गाठावे. आसनगावहून सकाळच्या लोकलने कसारा, तिथून दिवसभराची एक जीप सर्वांत मिळून. दोनच ठिकाणे धरा. एक इगतपुरी तालुक्यात सांजेगाव-कावनईकडे. तिथे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा आहेत. दुसरे नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला. तिथे सुला आणि यॉर्क आहेत. विदर्भ-खानदेशच्या मंडळींना संध्याकाळी नाशिकरोडला गाडी मिळते.

निघण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचारा: चाखण्याचे माणशी किती, त्यात किती पेले, कारखाना दाखवण्याचे वेगळे पैसे आहेत काय, न चाखणाऱ्याला नुसते बघता येते काय. सगळ्यांनी चाखलेच पाहिजे असे नाही. निम्म्यांनी चाखावे, निम्म्यांनी वही धरावी. जीप चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही, खाली कसारा घाट आहे. एकवीस वर्षांखालच्याला कायद्याने मनाई आहे. भाकरी-ठेचा मळ्यात शिरण्यापूर्वी झाडाखाली खाऊन घ्या. आतले जेवण खिशाला परवडणारे नाही. चाखताना लाजू नका. आधी वास, मग लहानसा घोट. घोट थुंकून टाकायला भांडे ठेवलेले असते आणि तिथे थुंकण्यात कमीपणा नाही.

पण खरे काम वहीत आहे. एक टन द्राक्षातून सहाशे-सातशे लिटर वाइन निघते. म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत किलो-सव्वा किलो द्राक्ष. बाटलीची किंमत एका रकान्यात लिहा, शेतकऱ्याला किलोला काय मिळाले ते शेजारी. द्राक्षाची गोडी कोण मोजतो, माल नाकारला तर तोटा कोणाचा, पैसे किती दिवसांनी, हेही विचारा. २००८ नंतर वाइनचा बाजार बसला, तेव्हा नाशिककडच्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. ते बारीक, बियांचे द्राक्ष खायच्या बाजारात कोणी घेत नाही. म्हणून बघून आल्यावर द्राक्ष लावायला धावू नका. त्या मळ्यांना धरणांचे पाणी आहे, आपल्याला आभाळाचे.

आता मूळ मुद्दा. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे केले. चांगले केले. सरकारने वाट सोडली तर शेतमालाचे मोल कसे वाढते, याचा तो पुरावा आहे.

मग ही वाट मोहाला का नाही? शहापूर-मुरबाडच्या रानात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बाया चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचतात. १८९२ साली इंग्रजाने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा केला आणि आदिवासींच्या फुलांवर पहारा बसवला. इंग्रज गेला, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पहारा चालू ठेवला. फुले वेचण्या-नेण्यावरची बंधने उठायला २०२१ साल उजाडावे लागले. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुरबाडच्या मोहाची भट्टी मात्र अजून गुन्हाच. परवाना नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून नवसागर आणि विष. घरे बसतात ती या चोरट्या धंद्याने आधी.

ज्वारीवाल्यांनो, तुमचीही कथा ऐका. चीनमध्ये ज्वारीपासून केलेली माओताई जगातल्या महागड्या दारूंत मोडते. आपल्याकडे २००७ साली धान्यापासून मद्यार्क करणाऱ्यांना लिटरला दहा रुपये अनुदान जाहीर झाले. ते कारखानदाराला. ज्वारी पिकवणाऱ्याच्या क्विंटलमागे एक पैसाही बांधून दिला नाही. कापूसवाल्यांना तर १९७२ च्या एकाधिकार योजनेखाली स्वतःचा कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेण्याचीही मुभा नव्हती.

२७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी दिली. सरकार म्हणाले, शेतकऱ्याच्या भल्यासाठी. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र केले. निर्णय बारगळला. महिनाभर शेतकऱ्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, पण द्राक्षाला किलोमागे किती वाढवून देणार, हे ना याने सांगितले ना त्याने.

म्हणून जा आणि बघून या. क्विंटलभर कापसातून तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते, त्यातून शंभराच्या आसपास सदरे होतात. द्राक्षाच्या बाटलीचा हिशेब करता आला, तर सदऱ्याचा, मोहाचा, ज्वारीचाही करता येईल. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने वही घेऊन यावे आणि उभे राहून दोनच आकडे वाचावेत: बाटलीचा भाव आणि शेतकऱ्याचा वाटा. त्यानंतर भाषणाची गरज उरणार नाही.