आम्ही बदलीवाले

गिरणगावाचे नाव काढले की हल्ली लोकांचा कंठ दाटून येतो. भोंगा, चाळीतला गणपती, भजनी मंडळे, खानावळीतली आमटी, भारतमाता सिनेमा! रविवारच्या पुरवण्यांत असे लेख वाचताना मला नेहमी एक शंका येते. या सुंदर चित्रात बदलीवाला कुठे आहे? तो तर हजारोंनी होता. भोंगा झाल्यावर कायम कामगार आत गेला आणि बदलीवाला गेटबाहेर उभा राहिला, हे या लेखकांना आठवत कसे नाही?

आमच्या वर्गातल्या कित्येकांना ‘बदली’ म्हणजे सरकारी नोकराची बदली एवढेच माहीत आहे, म्हणून थोडे सांगते. कायम कामगार आजारी पडला, शिमग्याला गावी गेला की त्याच्या जागेवर उभा राहायचा तो बदलीवाला. त्याने पाळी सुरू होण्याआधी रोज गेटवर हजेरी लावायची. नाव पुकारले तर काम, नाही तर आल्या पावली परत. पूर्वी हे सारे जॉबरच्या मर्जीवर चाले आणि मर्जी काही फुकट मिळत नसे. १९३५ साली गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची पद्धत आणली, बदलीवाल्यांना कार्डे दिली. कार्ड मिळाले, पण उद्याची खात्री मिळाली नाही. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत नऊ वर्षे असेच बदलीवर होते. ते म्हणतात, “आम्ही गिरणीत खंय होतो गो, आम्ही गेटार होतो.”

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होतीच, पण बदली कामगारांना कायम करा ही मागणीही त्यात होती. दुसरी मोठी मागणी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची होती. त्या कायद्याने मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला दिला होता आणि गिरणी धंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकाच्या सभेला जात होते आणि त्यांच्या वतीने सही दुसराच करीत होता. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही. ‘संपाने गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य आपल्या कॉमन रूममध्ये सहज फेकले जाते. माघारीची वाट आधी आखून ठेवली नाही हा दोष डॉ. सामंतांच्या पदरी घालायला माझी हरकत नाही. पण जुनाट यंत्रे तशीच ठेवणारे, भिवंडीच्या मागावरून स्वस्त कापड उचलणारे आणि पुढे गिरणीखालच्या जमिनीचा भाव मोजत बसलेले मालक त्या वाक्यातून अलगद निसटतात.

कायम कामगारांचीही आरती ओवाळायचे कारण नाही. साचेखात्यात पगार जास्त आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. ही बंदी उठवा, असे डॉ. आंबेडकरांना १९२८ च्या संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांनाच सांगावे लागले. ज्यांच्या लाल बावट्यावर समतेच्या घोषणा होत्या त्यांच्याच खात्यात ही शिवाशिव! आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर कोणी उभा असेल तर आपली पायरी उंच वाटते. मालकाला हे कामगारांच्या आधी कळलेले असते.

आता आजचे पाहू. गिरण्यांच्या जागी मॉल आले, काचेच्या कचेऱ्या आल्या. गेल्या दिवाळीत मी एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात दोन महिने काम केले. दहा तास उभे राहायचे, गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. (दुकानातल्या नोकरांना बसायचा हक्क आहे, हे केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात लिहिले. बसण्यासाठीसुद्धा कायदा लागतो!) पहिले आठ दिवस ‘ट्रेनिंग’चे म्हणून बिनपगारी गेले. त्या पैशांबद्दल विचारले तर दुकानाचा मॅनेजर म्हणाला, “तू आमच्याकडे नाहीस, एजन्सीकडे आहेस.” एजन्सीला फोन केला तर उत्तर आले की दुकानाने बिल पास केलेले नाही. मी माझे ओळखपत्र नीट वाचले. त्यावर दुकानाचे नावच नव्हते. ज्याचे कपडे मी घड्या घालून ठेवत होते तो माझा मालक नव्हता, आणि जो मालक होता त्याचे तोंड मी कधी पाहिले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की पगारातला अन्याय नंतर होतो. आधी ‘हा माझा कामगार’ असे म्हणायचे मालक नाकारतो. एकदा ते नाकारले की रजा, बोनस, प्रॉव्हिडंट फंड यांचा प्रश्नच उरत नाही. नावे मात्र छान छान सापडतात. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ ठरवले गेले होते. जणू रोज पहाटे शहराची घाण उपसणे हा त्यांचा छंद! कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या, तेव्हा ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० कामगारांचा कायम होण्याचा हक्क मान्य झाला.

मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या आपल्या मित्रांना कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. भागीदार! नफ्यात वाटा नाही, दर ठरवताना विचारणे नाही, आणि मोबाइलमधले खाते एका सकाळी बंद झाले तर दाद कोणाकडे मागायची तेही ठाऊक नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आला आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत भरावी असे त्यात आहे. ठीक आहे, काहीतरी मिळेल. पण या कामगाराची व्याख्याच अशी केली आहे की तो पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा. म्हणजे गेटबाहेर उभे राहणे आता कायद्यातच लिहून आले. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार म्हणून मान्य केले.

‘पण ज्याला एक मालक नाही त्याला हक्क द्यायचे कोणी?’ असे विचारले जाते. प्रश्न कठीण वाटतो खरा, पण त्याचे एक उत्तर याच मुंबईत पन्नास वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. मशीद बंदरात पाठीवर गोणी वाहणारा माथाडी दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलतो. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने टोळीतल्या कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना भागवायचा. या मंडळांत गैरप्रकार शिरले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण डोक्यावर ओझे वाहणाऱ्या निरक्षर माणसासाठी जे १९६९ मध्ये जमले, ते प्रत्येक फेरीचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना आज जमत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यापैकी निम्मेजण संध्याकाळी कुठे ना कुठे काम करतात आणि त्यातले बहुतेक गप्प बसतात. ‘हे काय आपले कायमचे काम आहे? डिग्री मिळाली की सोडायचे.’ मीही त्या आठ दिवसांचे पैसे दोनदा मागितले, तिसऱ्यांदा मागायला गेले नाही, कारण परीक्षा जवळ आली होती. आजोबांनाही नऊ वर्षे वाटत होते की आज ना उद्या कायम होऊ. आपण तात्पुरते आहोत असे आपल्याला वाटत राहावे, यातच एजन्सीवाल्याचा फायदा आहे. आपण सोडले की आपल्या जागी पहिल्या वर्षाचा नवा मुलगा येतो आणि त्याचेही पहिले आठ दिवस बिनपगारी जातात.

आणि दूर कशाला जा? आपल्या कॉलेजच्या गेटवर बसणारे काका आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी यांना पगार कोण देते, हे मी यंदा विचारून पाहिले. दोघांनीही ठेकेदाराचे नाव सांगितले. वेतनचिठ्ठी दोघांनाही कधी मिळालेली नाही. विद्यार्थी प्रतिनिधींनी येत्या सत्रात हा विषय प्राचार्यांकडे न्यावा आणि पुढचा ठेका देताना दरमहा वेतनचिठ्ठी व फंडाचा खातेक्रमांक देण्याची अट त्यात घालावी, अशी मागणी मी या अंकातून करते. अर्जाचा मसुदा तयार आहे, सह्या हव्या आहेत.