'माउली' हा केवळ वेष नव्हे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) ख्रिस्ती पदांविषयी एक सोयीस्कर मत पुष्कळदा ऐकू येते: देव परका, वेष तेवढा वारकरी. आम्हांला हे मत मुळातच अमान्य आहे.

रेजिनाल्ड हेबरचे १८२६ साली प्रसिद्ध झालेले 'होली, होली, होली' हे स्तोत्र पाहावे. त्यातला देव पवित्र, सर्वसमर्थ, त्र्यैक. पापी मानवाच्या दृष्टीला न दिसणारा. भक्त नतमस्तक, पण दूर. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात तेव्हा हे अंतरच मिटते. संबोधन बदलले की नाते बदलते, आणि नात्याबरोबर देवाच्या स्वरूपाचे कोणते अंग आधी दिसावे हेही बदलते. याला वेष कसे म्हणावे? शिवाय ही प्रतिमा बायबलला उपरी नाही. यशयाच्या ६६व्या अध्यायात देव आईसारखे सांत्वन करण्याचे वचन देतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेने टिळकांना ते मातृत्व उपासनेच्या मध्यभागी आणता आले.

ही पदे चर्चपुरती ठेवून आपण मराठी भक्तिकाव्याचा इतिहास शिकवतो, तेव्हा अन्याय एकट्या टिळकांवर होत नाही. 'माउली' या शब्दाच्या प्रवासाचा एक मोठा टप्पाच आपण विद्यार्थ्यांपासून लपवतो.