कॉलम भरण्याआधी वाचा : घोटीकरांना तातडीचे आवाहन



भाताची सोंगणी उरकत आली. आठ-पंधरा दिवसांत खाचरांवर मुरूम पडेल, पाये खोदले जातील. समृद्धी महामार्ग इगतपुरीला भिडल्यापासून तर बांधकामांना ऊत आला आहे. म्हणून हे पत्रक आजच वाचा. स्लॅब पडल्यावर वाचून उपयोग नाही.

"आपल्याकडे कुठला आलाय भूकंप?" असे पारावर ऐकू येते. जुन्या माणसांना 1983 विचारा. भातसा धरणात पाणी साठले आणि खर्डीचा परिसर हादरू लागला. त्या सप्टेंबरात 4.8च्या आसपासचा धक्का बसला. भातसा घोटीपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, कसारा घाट उतरला की पलीकडे. धरणाचे पाणी खडकाच्या भेगांत मुरते, दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. कोयना धरणाच्या भूकंपाचेही तेच. दारणा, मुकणे, वैतरणा, भावली आपल्या भोवती आहेत. प्रत्येक धरण भूकंप आणते असे मुळीच नाही. पण 'इथे होत नाही' हे म्हणणे सोडा.

सगळे भूकंप सारखे हलवत नाहीत. मुद्दा तोच आहे. जवळचा, उथळ भूकंप झटपट हिसके देतो. त्यात बुटकी, ताठ घरे सापडतात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीत 6.2च्या आसपासच्या भूकंपाने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि झोपलेली हजारो माणसे गाडली गेली. आपली छपरे पावसामुळे कौलांची, पत्र्याची. तेवढे ओझे कमी. वाड्यापाड्यांवरच्या जुन्या भिंती मात्र त्याच जातीच्या.

दूरचा मोठा भूकंप सावकाश, लांब झोके देतो आणि उंच इमारती गाठतो. 26 जानेवारी 2001ला केंद्र भुजजवळ होते, तरी सुमारे 240 किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. 1985मध्ये मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली, कारण शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेले. मऊ जमीन हेलकावा वाढवते. आता आपल्याकडे बघा: काल जिथे भात होता, तिथे आज पार्किंगवर चार मजले!

तेव्हा खाचरात बांधणार असाल तर आधी माती तपासून घ्या. पाया भरावावर नको, खालच्या घट्ट थरावर हवा. पार्किंग ठेवायचेच असेल तर तिथे आरसीसी भिंती किती आणि कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना रिंगा चार इंचांपेक्षा दूर नकोत आणि त्यांची टोके 135 अंशांत आत वळलेली हवीत. फरशीच्या रंगावर महिनाभर खल करणारे आपण रिंगांबद्दल एक शब्द विचारत नाही! जुन्या दगडी घरात पोट सुटलेली भिंत दिसली तर तिच्याखालचे अंथरूण आजच हलवा. भिंतीच्या दोन थरांना आरपार सांधून घेता येते, नवे घर बांधण्याइतका खर्च येत नाही.

ज्यांच्या कॉलमचे लोखंड उभे आहे, त्यांनी उद्या सकाळी टेप घेऊन साइटवर जावे. रिंगा स्वतः मोजा. चुकीच्या असतील तर काँक्रीट थांबवा.

आपला,
एक घोटीकर