झाकरी आणि प्रकाशाचा पडदा

गतवर्षी आमच्या वस्तीतील गणेशोत्सवात काही तरुणांनी झाकरीच्या रिंगणासमोर कॅमेरा ठेविला व मागे पांढरा पडदा टांगला. कॅमेरा नाचणाऱ्यांची पावले टिपी; संगणक त्यांवर रंग चढवी, क्षणापूर्वीचे चित्र आताच्या चित्रावर पसरी, आणि ते सारे त्याच वेळी पडद्यावर उमटे. कित्येक वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. गणपतीपुढे यंत्राचे खेळ कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चित्रावर चित्र चढविण्याची हौस आपल्या माणसांस परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी एकाच फितीवर दोनदा प्रकाश घेऊन पडद्यावर चमत्कार दाखविले, त्यास शंभर वर्षे होऊन गेली. पुढे कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाइक यांनी शुया आबे ह्या जपानी अभियंत्याच्या साहाय्याने अनेक कॅमेऱ्यांची चित्रे मिसळून रंगविणारे यंत्र घडविले. १९७० साली बोस्टनच्या दूरचित्रवाणीवरून त्यावरील चित्रे चार तास थेट दाखविण्यात आली. संगणकाने ते सामर्थ्य आता मुलांच्या हाती दिले आहे.

ह्या कलेत कलावंत चित्र काढीत नाही, नियम घालून देतो. त्या नियमांतून प्रत्येक वेळी नवे चित्र निपजते. मग आपली झाकरी तरी निराळी काय आहे? पावले ठरलेली, ठेका ठरलेला. परंतु ढोलकी तापली, गाणाऱ्याने लय वाढविली की कालचे रिंगण आज राहत नाही. ह्या दृष्टीने पडदा झाकरीचा वैरी नव्हे, भाऊबंद आहे. आजोबांचे मघाचे पाऊल नातवाच्या आताच्या पावलाशेजारी उमटलेले मी पाहिले, तेव्हा माझा विरोध मावळला.

तथापि त्याच रात्री एक भयही वाटले. नाचणारे दमून खाली बसले. पडदा मात्र नाचतच राहिला. कॅमेरा पडद्याकडेच वळविलेला होता. तो आपलेच चित्र पुनःपुन्हा टिपी आणि त्यातून रंगांचे अखंड भुयार उलगडत जाई. लोक ते तन्मयतेने पाहत होते. रिंगण रिकामे आहे, ह्याची कोणास खंत वाटली नाही. उसाच्या मळ्यांत राबून थकलेल्या पूर्वजांनी जे पायांनी जतन केले, ते आपण केवळ डोळ्यांनी पाहून जतन करणार आहोत काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंत्र असावे, परंतु रिंगण रिकामे होताच पडदा काळा व्हावा. तसेच जो तरुण संगणकापाशी बसेल, त्याने आधी झाकरीची पावले शिकावीत. ठेका अंगात भिनल्यावाचून चित्र केव्हा थांबवावे हे त्यास कळणार नाही. वडीलधाऱ्यांनीही मान फिरवून न बसता त्या पडद्यासमोर एकदा उभे राहावे. त्यावर पहिले पाऊल त्यांचेच उमटले पाहिजे.